वाण लागला, गुण नाही: कमी पैशात मुरणारी रेड वाईन शोधताना

मागच्या महिन्यात हॉटेलातल्या एका ट्रेनी मुलाने विचारलं, मॅडम, आमच्या पगारात पंधरा वर्षं मुरलेली वाईन आम्ही चाखायची कधी? मी हसले, आणि रात्री घरी येताना वाटलं की हसायला नको होतं. कारण मी पण हेच विचारत फिरायचे आणि मला पण लोक हसायचे. म्हणून हे लिहून ठेवतेय.

टॅनिन म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरटपणा, ॲसिड म्हणजे आंबटपणा, बॉडी म्हणजे तोंडात लागणारा भार, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते. मी डब्ल्यूएसईटी लेव्हल ३ या वाईनच्या परीक्षेला अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला गेले, पास होऊन आले. त्या टेस्टिंगच्या पेपरात शेवटी लिहावं लागतं की वाईन आत्ता प्यायची आहे, ठेवण्यासारखी आहे की वेळ निघून गेलीय. मी मस्त लिहिलं होतं, टॅनिन हाय, ॲसिड हाय, म्हणून ठेवता येईल. मार्क मिळाले. पण खरं सांगू का, तोपर्यंत मी पाच वर्षांपेक्षा जुनी एकही रेड तोंडात घेतलेली नव्हती. सगळं पाठांतर. तुमच्यातले बरेच जण आत्ता तिथेच असणार, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त तिथे थांबू नका.

मोठ्या नावाच्या बाटल्या आपल्याला परवडत नाहीत हे उघड आहे. फ्रान्समधलं एरमिताज हे गावाच्या डोक्यावरचं एक टेकाड, सगळं मिळून जेमतेम १३०-१४० हेक्टर, आणि प्यायला अख्खं जग बसलंय, मग भाव काय होणार. वर मी घेत होते तेव्हा भारतात १५०% कस्टम ड्युटी आणि त्यावर राज्याची एक्साइज. त्यामुळे रस्ता एकच, मोठ्या नावाच्या शेजारचं घ्यायचं आणि स्वतः मुरवायचं. हा सल्ला बरोबर आहे. मी पण आज हाच देते. पण तो ज्या पद्धतीने मला दिला गेला तिथेच माझी पाच वर्षं गेली.

तेव्हा मी क्रूझवर होते. आमचा हेड सोमेलिए, म्हणजे वाईन निवडून देणारा, दिलदार माणूस, पण प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे एक फॉर्म्युला. "शेजारचं घे, माती तीच, द्राक्ष तेच, फक्त पाटी बदलते." ऐकायला किती छान वाटतं ना! मी डायरीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. फ्रान्सच्या मार्से बंदराला बोट लागली की एका छोट्या दुकानात जायचे, तिथे २०१५ ची एक क्रोझ-एरमिताज मिळाली, १६ युरोला. २०१५ म्हणजे उत्तर ऱ्होनचं, त्या नदीच्या खोऱ्याच्या वरच्या भागाचं, गाजलेलं वर्ष, गाव एरमिताजच्या कुशीतलं, द्राक्ष सिरा, म्हणजे आपण शिराझ म्हणतो तीच. अजून काय हवं? घरी येताना कस्टमला दोन लिटरची सूट असते, म्हणजे एका खेपेला दोन बाटल्या. तीन कॉन्ट्रॅक्ट, तीन खेपा. पहिल्या दोन खेपांत चार क्रोझ आणल्या. तिसऱ्या खेपेला पण दोन्ही त्याच घेणार होते, पण दुकानातल्या म्हाताऱ्याने एक हातातून काढून घेतली आणि तिच्या जागी सँ-जोसेफ ठेवली, नदीच्या दुसऱ्या काठावरची, त्याच वर्षाची, सहा युरो महाग. मी कुरकुर केली. त्याने बिलाच्या मागे पेन्सिलने एक नदी काढली, एका बाजूला उभा चढ, दुसरीकडे सपाट रेघ, आणि सपाट रेघेवर बोट ठेवून मान हलवली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला फ्रेंच मेन्यूपुरतं. मला वाटलं जास्तीचे सहा युरो काढायची युक्ती आहे.

तर इंदूरच्या घरी पाच क्रोझ आणि एक सँ-जोसेफ. २०२० मध्ये पहिली क्रोझ उघडली, अप्रतिम. मी हवेत. पुढच्या वर्षी दुसरी, ठीक होती, मी म्हटलं "क्लोज्ड फेज" असेल, म्हणजे वाईन काही काळ मिटून बसलीय, हा शब्द आपल्या लोकांना फार सोयीचा पडतो, वाईन लागली नाही की क्लोज्ड फेज. २०२२ ला तिसरी, आता फळाची चव पातळ. २०२३ ला चौथी उघडली आणि ग्लासात विटकरी कडा, सुक्या पाचोळ्याचा वास, फळ संपलेलं आणि मागे नुसतं कोरडं टॅनिन जिभेला चिकटलेलं. आठ वर्षांत म्हातारी.

पहिला संशय बाटल्या ठेवलेल्या वाईन फ्रिजवर. इंदूरचा मे महिना, लाइट जाणं, सगळं आठवलं. रडायचीच बाकी होते. मग म्हटलं आता सँ-जोसेफ पण गेलीच असणार, उघडून टाकू. त्याच फ्रिजमध्ये, त्याच कप्प्यात, शेजारी शेजारी पडलेली. आणि ती कडक! काळी मिरी, ऑलिव्ह, मध्ये भरलेलं जांभळं फळ, टॅनिन आत्ता कुठे मऊ पडायला लागलेलं. म्हणजे फ्रिजचा गुन्हा नव्हता. बाटली निवडणारीचा होता.

आता हे नीट समजून घ्या, मी परत परत सांगणार आहे आणि तुम्हाला कंटाळा येईल तरी चालेल. आपल्याकडे म्हणतात ना, ढवळ्या शेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. वाईनमध्ये बरोबर उलटं होतं. शेजाऱ्याला वाण लागतो, द्राक्षाचा वाण तोच असतो, कायद्यानेच तो असतो, पण गुण लागेलच असं नाही. एरमिताजचं टेकाड दक्षिणेकडे तोंड करून उभं, पश्चिमेच्या भागात ग्रॅनाइट, चढ इतका की मशीन चढत नाही. क्रोझ हे त्या टेकाडाला वेढून बसलंय, क्षेत्र दहापटीहून जास्त. त्यातला उत्तरेचा तुकडा, जेरव्हाँ वगैरे गावं, तो ग्रॅनाइटचा चढ. पण दक्षिणेला शासीचं मैदान आहे, नदीने आणून टाकलेले गोल गोटे, सपाट, ट्रॅक्टर आरामात फिरतो. तिथली सिरा लवकर गोड बोलते, रसाळ, दोन-चार वर्षांत प्यायला मजा, आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. दोन्हींच्या पाटीवर शब्द एकच, क्रोझ-एरमिताज. माझी मैदानातली होती. म्हातारा तेच सांगत होता त्या सपाट रेघेने.

आणि सँ-जोसेफ पण आंधळेपणाने घेऊ नका! ते १९५६ ला सुरू झालं तेव्हा सहा गावं होती, मोव्ह, तूर्नों आणि आजूबाजूची, नदीच्या उजव्या काठावरची, बहुतेक उभी ग्रॅनाइटची. १९६९ ला हद्द वाढवून कितीतरी गावं आत घेतली, त्यात सगळं काही तसं उभं नव्हतं. म्हणजे परत तेच, नाव एक, जमिनी दोन. उलट शासीच्या मैदानातून पण दहा-बारा वर्षं टिकणारी वाईन काढणारे लोक आहेत, जुनी वेल, कमी उत्पादन, हात राखून काम. म्हणून "क्रोझ वाईट, सँ-जोसेफ चांगली" असं डायरीत लिहू नका, ती माझीच चूक नव्या कपड्यात होईल. विचारायचं हे की हा शेजारी नक्की कुठे बसलाय, चढावर की सपाटीवर, आणि बनवणाऱ्याने ती कशासाठी बनवलीय.

हे कळायचं कसं? पाटीवर नसतं बहुतेक. उत्पादकाच्या साइटवर टेक्निकल शीट असते, त्यात गाव, माती, वेलीचं वय, लाकडात किती महिने, हे बघा. शीटमध्ये फक्त "फ्रूटी अँड सपल" आणि बार्बेक्यूचा फोटो असेल तर समजून जा. आणि ते स्कोअर दाखवणारं ॲप कृपा करून बाजूला ठेवा. तिथे ४.१ देणाऱ्याने ती बाटली विकत घेतली त्याच रात्री प्यायलेली असते, त्याला ती दहा वर्षांनी कशी लागेल याच्याशी काय देणंघेणं. रसाळ मैदानी वाईनला तिथे नेहमी जास्त मार्क. व्हिंटेज चार्ट, म्हणजे कुठलं वर्ष किती चांगलं याचा तक्ता, पण तसाच, चांगलं वर्ष हे चांगल्या जमिनीला मुरायला मदत करतं, मैदानाला फक्त जास्त पिकवतं.

माझ्या आईला हे सगळं मी रडतरडत सांगितलं तर ती म्हणाली, मऊ कैरीचं लोणचं कधी वर्षभर टिकलंय का? ती चोइथराम मंडीत लोणच्याची कैरी घेताना नखाने दाबून बघते, कडक आणि आंबट पाहिजे, आत्ता चांगली लागते म्हणून घेतलेली कैरी मुरत नाही, विरघळते. बास. माझ्या पूर्ण लेव्हल ३ पेक्षा हे जास्त कामाचं निघालं.

बाकी शेजारी पटापट सांगते. दक्षिण ऱ्होनचं मोठं नाव शातोनफ-द्यु-पाप, त्याच्या जवळचं जिगोंदास घ्या, १९७१ पासून स्वतःचं नाव आहे, दाँतेल द मोंमिराय डोंगरांच्या पायथ्याशी, चुनखडी, थोडी उंची, त्यामुळे द्राक्ष ग्रेनाश असूनही आंबटपणा राहतो. हा शेजारी दहा वर्षं सहज काढतो. बोर्दोत पोमेरोल, सेंत-एमिलियों ही महागडी नावं विसरा आणि कास्तियाँ बघा, सेंत-एमिलियोंचा चुनखडीचा पठार हद्दीपाशी थांबत नाही, पुढे कास्तियाँत जातो, थांबतो फक्त भाव. फ्रोन्साक पण, नदीपलीकडे पोमेरोल, इकडे चिकणमाती आणि चुनखडीचे उतार, तिथली मेर्लो द्राक्षाची वाईन जरा उग्र पण मुरते. नैऋत्य फ्रान्समधलं मादिराँ म्हणजे ताना द्राक्ष, टॅनिनचा डोंगर, सगळे म्हणतात वीस वर्षं ठेवा. पण वाईनमध्ये थेंबाथेंबाने ऑक्सिजन सोडून टॅनिन मऊ करायची पद्धत तिथेच, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पात्रिक द्युकुर्नोने काढली, त्यामुळे आज तिथे लवकर पिण्यासारखी पण भरपूर बनते. शीट वाचा.

आणि इटलीच्या बारोलोचं, तिथल्या मोठ्या नावाच्या रेडचं, एक गमतीशीर आहे. त्याचा नदीपलीकडचा सख्खा शेजारी रोएरो, द्राक्ष तेच नेब्बिओलो, पण माती वाळूची, म्हणून साधारणपणे नाजूक. आणि लांब उत्तरेला आल्प्सच्या पायथ्याशी गातिनारा, ज्वालामुखीचा खडक, आंबटपणा धारदार, नियमानेच जवळजवळ तीन वर्षं ठेवून मग बाहेर काढतात. बारोलोपेक्षा बरीच स्वस्त आणि मुरण्यात तिच्या खांद्याला खांदा. म्हणजे लांबची मावशी कधीकधी सख्ख्या शेजारणीपेक्षा जास्त आपली निघते.

घाबरू नका, हे सगळं पाठ करायची गरज नाही. एक युक्ती मला फार उपयोगी पडली. एकच बाटली घ्या, उघडा, थोडी चाखा, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि पुढचे तीन दिवस रोज थोडी, ग्लासात गरम होऊ देऊन. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जी अजून उभी आहे किंवा सुधारलीय ती ठेवण्यालायक. जी दुसऱ्याच दिवशी बसली ती लगेच पिऊन टाका, दोष तिचा नाही. ही गॅरंटी नाही, पण ॲपपेक्षा कितीतरी बरी. मग पसंत पडली तर तीन घ्या, एक तीन-चार वर्षांनी, एक सात-आठला, एक त्यानंतर. एका बाटलीतून मुरणं शिकता येत नाही, कारण तुलना कशाशी करणार.

ठेवायचं कुठे यावर जास्त बोलत नाही. शब-ए-मालवाच्या, म्हणजे माळव्याच्या गार रात्रींच्या, गप्पांवर जाऊ नका भिया. मी सुरुवातीला आजोबांच्या रामबागेतल्या वाड्याचं तळघर किती गार आहे म्हणून खूश होते, मे महिन्यात थर्मामीटर ठेवला तर ३१. १२ ते १४ डिग्री हवी आणि मुख्य म्हणजे वरखाली नको. छोटा वाईन फ्रिज घ्या, इन्व्हर्टरवर टाका, आणि घरात किती बाटल्या ठेवता येतात तो राज्याचा नियम आधी बघा. पैसे नसतील तर चार मित्र मिळून एक फ्रिज घ्या, आम्ही तसंच केलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, खरा शेजारी तर नाशिक, एबी रोडने सरळ. हो, आणि मी नाशिकच्या बाजूचीच आहे, चिडू नका. पण तिथे ऑक्टोबरच्या आसपास छाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्ष तोडतात, दिवसाचं ऊन भरपूर, साखर पटकन चढते आणि ॲसिड पडतं. बहुतेक रेड दोन-तीन वर्षांत प्याव्यात. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ किंवा अकलूजकडची फ्रातेलीची सेत्ते मी पाच-सहा वर्षं ठेवून बघितलीय आणि मला आवडली, त्यापुढे माझी हिंमत नाही. पण शिकायला यासारखी स्वस्त शाळा नाही, कस्टम ड्युटी नाही, एकाच वाईनच्या तीन वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखा, वय म्हणजे काय ते जिभेला कळायला लागेल.

पाचवी क्रोझ अजून आहे. ती प्यायची नाही, दाखवायची ठेवलीय. पुढच्या बॅचच्या ट्रेनींसाठी ती आणि एक सँ-जोसेफ एकत्र उघडणार आहे, पाटी झाकून, आणि विचारणार यातली कुठली चढावरची. त्या मुलाला सांगून ठेवलंय, सुट्टी घेऊ नको त्या दिवशी.