जुनी गाडी घेतली असंल तं पहिले टायमिंग बेल्टची तारीख शोधा

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातल्या क्रँकवरून (पिस्टनला जोडलेला दांडा) कॅम (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा दांडा) फिरवणारा रबरी पट्टा, काही गाड्यांत त्याच्या जागी चेन राहते. पहिले आपल्या गाडीत बेल्ट आहे का चेन आहे ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. मारुतीच्या स्विफ्टच्या 1.3 डिझेलमध्ये चेन आहे, त्या गाडीवाल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालते. मारुती 800, जुनी सँट्रो, जुनी डिझेल इंडिका, डस्टर डिझेल, इनोव्हा 2.5 डिझेल, यायले बेल्ट आहे. आणि बोनट उघडल्यावर बाहेरून दिसते तो फॅन बेल्ट, तो वेगळा, टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत राहते.

मंग मॅन्युअलमधला आकडा पाहा. बहुतेक गाड्यांना 60 हजार ते 1 लाख किलोमीटरच्या मधात काहीतरी लिहून असते, काहींना त्याच्याही वर, आणि त्याच ओळीत वर्षंबी दिलेले असतात, जे आधी होईल ते धरायचं. लोक फक्त किलोमीटर वाचतात. आपल्या इकडं गाडी बाजार, बँक आणि लग्नापुरती निघते, वर्षाला 5-6 हजारच्या वर चालत नाही, त्या हिशोबानं 60 हजार व्हायला दहा वर्षं लागतात. रबर मात्र उभ्या गाडीतही वाळते, आणि मे महिन्यात 45 डिग्रीत टिनाच्या शेडखाली उभ्या गाडीतलं तं लवकरच वाळते. माझ्या गॅरेजवर मी पाच वर्षांच्या वर कोणाचाच बेल्ट ठेवू देत नाही, मीटर काहीही असो. इनोव्हावाले म्हणतात आमच्यात बेल्टचा लाईट लागते ना भाऊ. तो लाईट फक्त किलोमीटर मोजते, वर्षं मोजत नाही.

आता खरी अडचण. गाडी सेकंडहँड असली तं बेल्ट किती वर्षांचा आहे हे समजायचं कसं? इथंच मी स्वतः फसलो होतो. आठ वर्षं जुनी डिझेल गाडी घेतली, मीटर 41 हजार, विकणारा म्हणे मास्तरची गाडी आहे, रविवारीच निघत होती, बेल्ट मागच्याच साली बदलवला. मी कव्हर ढिलं करून टॉर्च मारून पाहिलं, दात शाबूत, भेग नाही, म्हटलं चांगला आहे. मे महिन्यात आर्णीच्या अलीकडं दुपारी दोन वाजता चालती गाडी एकदम बंद, ना आवाज ना धक्का. गाडीत माय होती, उन्हात किती वेळ ठेवणार, म्हणून चार जणांनी धक्का मारला आणि मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. ते नव्हतं करायचं. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबते, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि क्रँक फिरवला की पिस्टन वर येऊन त्यायले ठोकते. आठपैकी सहा व्हॉल्व्ह वाकले, हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावं लागलं, तेवढ्या पैशात चारदा तरी बेल्ट बदलून झाला असता. म्हणून चालती गाडी अशी अचानक बंद पडली तं सेल्फ मारू नका, धक्का तं बिलकुल देऊ नका, टोचन करून आणा.

त्या दिवसापासून मी दिसण्यावर विश्वास ठेवत नाही. बेल्टची ताकद आतल्या काचेच्या धाग्यांत असते, ते तुटत आले तरी वरून रबर नवं दिसू शकते. भेगा दिसल्या तं बेल्ट खराब आहे हे पक्कं, पण भेगा नाही म्हणून बेल्ट चांगला असं होत नाही. चेन ढिली झाली तं बहुतेक वेळा खडखड करून आधी सांगते, बेल्टचा असा भरोसा नाही, म्हणून "आवाज आला की बदलवू" म्हणणाऱ्या मेकॅनिकचं ऐकू नका. कागद मागा: पार्ट नंबर लिहिलेलं, तारीख आणि मीटर असलेलं बिल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी जात असंल तं गाडीच्या नंबरवरून तिथं विचारा. बोनटखाली मेकॅनिकनं स्टिकर लावलं का तेही पाहा. यातलं काहीच नाही भेटलं तं बेल्ट कधी बदललाच नाही असं धरा आणि आरसी बुकावर गाडी बनल्याचं जे साल आहे तिथून वर्षं मोजा. विकणारा कितीही जवळचा असो, नात्यातला असो, तरी हेच.

एका गोष्टीत मात्र वर्षंही पाहू नका: कव्हरच्या आत ऑइल किंवा कूलंट गळून राहिलं असंल तं बेल्ट सहा महिन्यांचा असला तरी काढा. ऑइलनं रबर फुगते. गळती बंद केल्याशिवाय नवा चढवू नका.

सामान नागपूर, अमरावतीहून आणत असाल तं बेल्ट घडी करून डिक्कीत कोंबू नका, आतले धागे तिथंच मोडतात. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) बेअरिंग सोबतच बदलवा, वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असंल तं तोही, कारण जुनं बेअरिंग जाम झालं की नवा बेल्ट घेऊनच जाते आणि खोलायची मजुरी पुन्हा लागते. पैशाची ओढ असते हे मलाही समजते, म्हणून कापूस विकला की हे काम लावा आणि होळीच्या आत मोकळे व्हा. मे महिन्याची वाट पाहू नका.

काम चालू असताना गॅरेजवर उभे राहा. इंजिन थंड पाहिजे, क्रँक आणि कॅमच्या पुलीवरचे निशाण जुळवून बेल्ट चढवला की सेल्फ मारायच्या आधी पान्यानं क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायला लावा. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, तेव्हा सगळे निशाण परत जागेवर आले पाहिजे. मधात कुठं अडलं तं जोर लावू द्यायचा नाही, बेल्ट उतरवून पुन्हा जुळवायचा.

मंग कव्हर बसवलं की त्याच्यावर पक्क्या मार्करनं तारीख आणि मीटर लिहून टाका, उद्या तुमची गाडी कोणी घेतली तं त्याला तरी विचारत फिरावं लागणार नाही.