मुरमावरून टर्फवर जाणाऱ्या पोरींसाठी

ट्रायलला कोणते कागद लागतात, क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश कसा मिळतो, हे तुमच्या सरांनी सांगितलेलंच असेल. मला बोलायचंय ते हॉकीत चेंडू घेण्याबद्दल, म्हणजे आलेला पास स्टिकवर घेण्याबद्दल. इंडिया कॅम्पच्या, म्हणजे भारताच्या संघाच्या सराव शिबिराच्या, दारात आपल्याकडच्या भल्याभल्या पोरी तिथेच अडकतात. मीही तिथेच अडकले आणि ती सल अजून गेलेली नाही.

मुरमाच्या मैदानावर चेंडू खड्याला लागून कधी नडगीवर येईल, नेम नसतो. म्हणून आपण तो आधी पूर्ण थांबवतो, मग मान वर करून पास कुणाला द्यायचा ते बघतो. त्या मैदानावर हेच शहाणपणाचं असतं. ओल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, मात्र चेंडू सपाट आणि सुसाट येतो आणि तुम्ही मान वर करेपर्यंत समोरचीची स्टिक चेंडूवर पडलेली असते. सिलेक्टरला वाटतं, पोरगी संथ आहे. पोरगी संथ नसते, तिची मान उशिरा वळते!

चेंडू तुमच्याकडे निघण्याआधीच एकदा डाव्या, एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघा. गुडघे वाकवा, डावा हात पुढे घ्या, म्हणजे स्टिक चेंडूवर झुकते आणि तो उडत नाही. आणि थांबवू नका. पहिल्या स्पर्शातच, जिकडे पळायचंय तिकडे ढकला. पुन्हा सांगते, थांबवू नका. टर्फ लांब असेल तर शाळेच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर पाणी मारा आणि मैत्रिणीला जीव खाऊन पास मारायला सांगा.

ड्रॅग फ्लिकचे, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत गोलात फेकण्याचे, व्हिडिओ बघत बसणाऱ्या पोरी बघितल्या की मला राग येतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये गुरजीत कौरच्या एका गोलावर आपण ऑस्ट्रेलियाला 1-0 हरवलं, ते सगळ्यांना पाठ आहे. पण शॉर्ट कॉर्नरला (समोरच्यांच्या चुकीवर त्यांच्या गोलजवळ मिळणाऱ्या संधीला) डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, टोकावर चेंडू जागच्या जागी थांबवणारी नसेल, तर फ्लिक मारणार कशावर? थांबवायचा तो तिथे, तेवढाच. 'महिन्यात कॅम्पला पोचवतो' म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. त्यापेक्षा मुद्दाम वेडेवाकडे पास देणारी एखादी सीनियर ताई धरा.

मॅचमध्ये पाच-सात मिनिटांत बाहेर बोलावलं तर रडू नका. पंधरा मिनिटांच्या क्वार्टरमध्ये खेळाडू सारख्या आत-बाहेर होतात, कारण आत असताना पूर्ण वेगानेच पळायचं असतं. ती शिक्षा नाही.

आणि शिक्षण सोडू नका, हे मी कडकच सांगते. टोकियोत चौथा आलेला आपला संघ जानेवारी 2024 मध्ये रांचीतल्या ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत जपानकडून 0-1 हरला आणि पॅरिस ऑलिम्पिक हुकलं. एका गोलाने चार वर्षं जातात. रेल्वे खेळाडूंना नोकरी देते, पण त्यासाठीही दहावी-बारावी लागते. घाबरवत नाहीये गं. सातारा जिल्ह्यातूनच वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ भारताच्या संघात पोचल्या.

ट्रायलच्या आदल्या दिवशी जमलं तर त्याच टर्फवर अर्धा तास नुसते पास घ्या. टर्फ कोरडा असताना आणि पाणी मारल्यावर चेंडूचा वेग किती बदलतो, ते हाताला कळू द्या. गोल मारायची प्रॅक्टिस त्या दिवशी नको.