शाळेतले लॅपटॉप कपाटात पडून मरतात. या चुका टाळा

शाळेला लॅपटॉप आले की नारळ फुटतो, पाहुण्यांसोबत फोटो निघतो आणि डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद पडते. अडचण इथूनच सुरू होते. उद्या एखादा फुटला तर भरपाई कोणाच्या माथी, या धास्तीने गुरुजी ते कपाटात ठेवून कुलूप लावतात. मुलांच्या हातून पडून बिघडलेल्या लॅपटॉपपेक्षा कपाटात पडून मेलेले लॅपटॉप मी जास्त पाहिले आहेत. गावाने वर्गणी काढून आणलेल्या वस्तूचं असं झालं की फार वाईट वाटतं.

म्हणून पहिलं काम तांत्रिक नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या: लॅपटॉप कोणत्या वर्गाला कोणत्या तासाला मिळणार, चावी कोणाकडे राहणार, वापरताना बिघडला तर दुरुस्तीचे पैसे कुठून येणार. हे इतिवृत्तात आलं की गुरुजींचा हात मोकळा होतो.

एकाच बोर्डावर सगळे चार्जर

सगळ्यात जास्त घोळ विजेचा. वर्गात एक ५ अँपिअरचं सॉकेट असतं, त्यावर एक्स्टेंशन बोर्ड, त्या बोर्डावर दुसरा बोर्ड. हिशेब करून पाहा. २३० व्होल्टला ५ अँपिअर म्हणजे ११५० वॅट. एक चार्जर ६५ वॅटचा धरला तर २० चार्जरचे १३०० वॅट होतात. प्लग गरम होतो, प्लॅस्टिक जळल्याचा वास येतो, आणि दोष मात्र लॅपटॉपला दिला जातो. मीटरपासून १६ अँपिअरची वेगळी लाइन घ्या, तिला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) बसवा. तोवर निम्मे लॅपटॉप सकाळी आणि निम्मे मधल्या सुट्टीनंतर चार्ज करा.

लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुलांना झिणझिण्या येत असतील तर ती तक्रार हसण्यावारी नेऊ नका. वापर लगेच थांबवा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. बऱ्याच जुन्या शाळाखोल्यांत तिसऱ्या पिनेचं भोक असतं, पण त्यामागे वायरच जोडलेली नसते. अर्थिंग असलं तरी उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की ते नीट काम करत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून ठेवा, इंटरनेटची केबलसुद्धा.

मे महिन्याची सुट्टी

शेवटची परीक्षा झाली की लॅपटॉप रिकाम्या बॅटरीने कपाटात जातात. जूनमध्ये काढावेत तर चालूच होत नाहीत. लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी राहिली की आतून खराब होत जाते. सुट्टीआधी ती साधारण ५० टक्क्यांवर आणा, लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि पत्र्याच्या तापणाऱ्या खोलीत ठेवू नका. महिन्यातून एकदा कोणी उघडून पाहिलं तर उत्तम; उंदरांनी वायरी कुरतडल्याचंही त्यातच कळतं.

जूनमध्ये बंद दिसला म्हणून लगेच ‘मेला’ असा शेरा मारू नका. अर्धा-पाऊण तास चार्जरला लावून ठेवा, मग बटण दाबा. तरीही काही नाही तर दुसऱ्या लॅपटॉपचा तसाच चार्जर लावून पाहा, कारण पुष्कळदा चार्जरच गेलेला असतो. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल तर बॅटरी फुगली आहे. तो लॅपटॉप चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, थेट दुरुस्तीला पाठवायचा.

‘नेट आहे, पण साइट उघडत नाही’

आधी कोपऱ्यातली तारीख बघा. बराच काळ बंद राहिलेल्या यंत्राची तारीख मागे गेलेली असते आणि मग सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत. तारीख दुरुस्त केली की काम होतं. पुन्हा पुन्हा मागे जात असेल तर आतला बटणसेल बदलून घ्या.

गुरुजींच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर २० लॅपटॉप चालतील ही अपेक्षाच चुकीची आहे. बरेच मोबाइल आठ-दहाच्या पुढे जोडणी देत नाहीत, आणि जेवढे जोडले जातात त्यांचे विंडोजचे अपडेटच सगळा डेटा खाऊन टाकतात. सेटिंगमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेलं) करा, म्हणजे अपडेट आपोआप उतरणं कमी होतं. धड्यांचे व्हिडिओ आधीच उतरवून पेनड्राइव्हने सगळ्या यंत्रांत टाका. किविक्स हे नेटशिवाय वाचनाचं मोफत सॉफ्टवेअर वापरलं तर मराठी विकिपीडियाही नेटशिवाय वाचता येतो.

मुलांना मराठी टंकलेखन युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीतच, शिकवा. जुन्या फाँटमधला निबंध दुसऱ्या लॅपटॉपवर उघडला की अक्षरांचा चिवडा होतो.

सगळे पैसे खरेदीत घालवणं

‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातला प्रयोग २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्या शाळेत झाला होता. त्याच उपक्रमात पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ साली तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या गणितात आणि भाषेत सुधारणा दिसली नाही. यंत्र पोचलं, पण त्यावर नेमकं काय शिकवायचं याची तयारी शिक्षकांपर्यंत तितकी पोचली नाही, असं मला वाटतं.

तेव्हा माजी विद्यार्थी किंवा एखादी कंपनी ‘शाळेला काय देऊ’ असं विचारेल तेव्हा २० ऐवजी १५ लॅपटॉप मागा. उरलेल्या पैशात वायरिंग, दोन जादा चार्जर, जाळीचं हवेशीर कपाट आणि तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याशी वर्षाचा करार बसवा. गुरुजींना शिकवायला येणाऱ्या माणसाला एकदा नाही, दर महिन्याला बोलवा.