‘काल, आज आणि युगानुयुग’: हे वचन कॉटेज प्रार्थनेत कसं घ्यावं

बायबलमधलं इब्री १३:८ हे वचन आमच्या नगरमध्ये दाराच्या चौकटीवर असतं, कॅलेंडरवर असतं, रिक्षाच्या मागच्या काचेवरही असतं. ‘येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग सारखाच आहे.’ इतकं पाठ, की कॉटेज प्रार्थनेत, म्हणजे पाळीपाळीनं घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेत, कुणी ते घेतलं की मंडळी ‘आमेन’ म्हणून मोकळी होतात आणि कान स्वयंपाकघरातल्या कपबशांकडे लावतात. मी तेहतीस वर्षं मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं आणि जवळपास तेवढीच वर्षं मंडळीतल्या शब्बाथ शाळेत बायबल. त्या अनुभवावरून सांगते, पाठ असलेलं वचन शिकवण्याइतकं अवघड काही नाही. डिसेंबरात ज्यांच्या घरी प्रार्थनेची पाळी आहे आणि ज्यांनी हौसेनं हेच वचन धरलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी माझी फजिती ऐका. खूप वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीत एका घरी प्रार्थना होती. त्या बाईंचे यजमान जाऊन चार महिने झाले होते. मी चार पानं टिपण काढून नेलं आणि अढळ, अचल, अविनाशी असे शब्द फोडून फोडून चाळीस मिनिटं बोलले. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, ‘‘बाई, तो बदलला नाही हे बरंच झालं. पण माझं सगळंच बदललं, त्याचं काय करू?’’ मला काही सुचलं नाही. ‘‘गीत घेऊ या,’’ म्हणाले. ते ‘गीत घेऊ या’ आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. वचन शेवटी. आधी काय काय बदललं ते.

सुरुवातीचं गीत आणि प्रार्थना झाली की स्तोत्र १०२ काढा. त्याच्या मथळ्यातच म्हटलंय की ही गांजलेल्या माणसाची प्रार्थना आहे, तो आपलं गाऱ्हाणं परमेश्वरापुढे मांडतोय. पहिल्या अकरा ओव्या एकाच माणसानं सावकाश वाचायच्या. तो म्हणतो, माझे दिवस धुरासारखे विरून जातात, मी भाकर खायला विसरतो, छपरावर एकट्या पडलेल्या चिमणीसारखा झालोय. मग पुस्तक मिटवा आणि प्रत्येकाला विचारा, ‘‘यंदा तुमच्या घरात काय बदललं? एकच गोष्ट, एकाच वाक्यात.’’ नियम एकच, कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही. ‘प्रभू बघून घेईल’ सुद्धा नाही. हे सगळ्यांत कठीण जातं, कारण आपल्या लोकांना धीर देण्याची भारी घाई. मी आता आधीच हसत सांगून ठेवते की जो धीर देईल त्यानं सगळ्यांचे कप विसळायचे.

गेल्या वर्षी निघालेल्या गोष्टी: एमआयडीसीतली नोकरी गेली. सुनेनं वेगळं बिऱ्हाड केलं. गुडघा. मुलगा दुबईला गेला (तो फोनवर होता, त्याला आईचं हे वाक्य ऐकू गेलं, आणि तिकडून बराच वेळ आवाज आला नाही). एक आजोबा म्हणाले, ‘‘गावाचं नावच बदललं.’’ सगळे हसले. पण मला ते वाक्य हवंच होतं. पाचशे वर्षांहून जुनं गाव, २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, बोलताना आम्ही नगरच म्हणतो. आणि आपल्या वचनाच्या खाली सहाच ओव्यांवर, इब्री १३:१४ मध्ये, काय लिहिलंय? इथे आपल्याला कायमचं नगर नाही, पुढे येणाऱ्या नगराची आपण वाट पाहतो. नगरकरांना हे वचन समजावून सांगावं लागत नाही.

आता त्याच स्तोत्राचा शेवट वाचा, २५ ते २७. पृथ्वी आणि आकाश वस्त्रासारखी जुनी होतील, तू ती बदलशील, पण तू मात्र तोच. हेच शब्द इब्रीकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात, १० ते १२ मध्ये, पुत्राविषयी म्हणून येतात. म्हणजे तेराव्या अध्यायातलं ‘सारखाच आहे’ हे अचानक उपटलेलं नाही. पहिल्या अध्यायात घातलेला टाका तेराव्यात वर निघतो. आणि त्या टाक्याचं दुसरं टोक थेट त्या छपरावरच्या चिमणीपाशी आहे. गाऱ्हाणं करणाऱ्याच्याच तोंडून ‘तू तोच आहेस’ हे निघालंय, सगळं सुरळीत चाललेल्याच्या तोंडून नव्हे. चाळीस मिनिटांच्या त्या टिपणात मी नेमकं हेच लिहिलं नव्हतं.

मुलं असतील तर इथे गोधडी दाखवा. माझ्याकडे आईच्या लुगड्यांची एक आहे. वरचं लुगडं दोनदा बदललं, आतलं एक हिरवं अजून तसंच आहे, पण काठ बोटानं चोळला की त्याचा भुगा हातात येतो. मुलांच्या हातात द्या, चोळू द्या. ‘आभाळ असं होणार’ म्हटलं की त्यांचे डोळे मोठे होतात. यापेक्षा जास्त समजावू नका.

मग ‘सारखाच’ म्हणजे कशात सारखा? इथे बहुतेक जण गुणांची यादी देतात, प्रेमळ, दयाळू, सामर्थ्यवान. यादी कुणाच्या लक्षात राहत नाही. मी एक हात धरते. मार्क १:४०-४२ मध्ये कुष्ठरोगी येतो, ज्यानं नियमशास्त्राप्रमाणे ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडत लोकांपासून लांब राहायचं. येशू हात पुढे करून त्याला शिवतो. शब्दानं बरं करता आलं असतं, तरी शिवतो. हा झाला ‘काल’. मग प्रकटीकरण १:१७ काढा. योहानाला जो दिसतो त्याचे डोळे अग्नीच्या ज्वालेसारखे, वाणी पुष्कळ जलांच्या प्रवाहासारखी. योहान मेल्यासारखा पायाशी पडतो. आणि तो काय करतो? उजवा हात त्याच्यावर ठेवतो आणि म्हणतो, भिऊ नको. सरोवरातल्या वादळात नावेतल्या लोकांना जे म्हणाला तेच. रूप ओळखू येऊ नये इतकं पालटलंय, पण हाताची सवय तीच आहे.

‘काल’ आणि ‘आज’ यांच्या मधल्या सांध्यासाठी एक जागा आहे, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. योहान १८:१८ आणि योहान २१:९ शेजारी शेजारी ठेवा. पहिल्या ठिकाणी थंडी आहे, प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशांचा विस्तव पेटवलाय, पेत्र तिथे शेकत उभा आहे आणि ‘मी नाही त्यांच्यातला’ म्हणतोय. दुसऱ्या ठिकाणी पहाट आहे, काठावर पुन्हा कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासळी आणि भाकर. मूळ ग्रीक भाषेत दोन्हीकडे शब्द एकच आहे आणि नव्या करारात तो या दोनच जागी येतो. पुनरुत्थान झालेला प्रभू रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हातानं आलेल्यांसाठी न्याहारी करतोय, आणि ज्यानं तीनदा नाकारलं त्याला तीनदा विचारतोय, माझ्यावर प्रेम करतोस का? पेत्राचं सगळं बदललंय, तोंड दाखवायची सोय उरलेली नाही. समोरचा मात्र तोच आहे, पहिल्या दिवशी जाळ्यापासून बोलावणारा.

डिसेंबरात हा भाग अंगणात घ्या. शेगडी पेटवा, भोवती बसा, दिवे घालवा, टॉर्चवर वाचा. कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नको, माणसं गुदमरतात. हौसेपायी हे विसरू नका.

आता दोन खड्डे सांगते, सगळे त्यातच पडतात.

पहिला: ‘तेव्हा बरं केलं, तो बदललेला नाही, म्हणजे तुमचंही दुखणं जाणारच.’ असं आजारी माणसाच्या घरी बोलू नका, फार वाईट लागतं. बेथेसदाच्या तळ्याशी रोगी पुष्कळ पडले होते, त्या दिवशी उठला एक. इब्रीकरांस पत्राच्याच अकराव्या अध्यायात विश्वासानं काही जण तलवारीच्या धारेपासून वाचले आणि विश्वासानंच काही जण तलवारीनं मारले गेले, दोन्ही गोष्टी तीन-चार ओव्यांच्या अंतरानं लिहिल्यात. स्वभाव सारखा म्हणजे निकाल सारखा असं वचन सांगत नाही.

दुसरा खड्डा वडीलधाऱ्यांचा. ‘प्रभू बदलत नाही, मग कीबोर्ड कशाला? ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक सोडून मोबाईलवरची गीतं कशाला?’ मला स्वतःला मोबाईलवरची गीतं आवडत नाहीत, अर्ध्यातच जाहिरात लागते. पण ते माझं न आवडणं झालं, त्याला वचनाचा टेकू देऊ नका. ज्या चाली आपण ‘आपल्या जुन्या’ म्हणतो, त्यातल्या कितीतरी एकेकाळी नव्याच होत्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्याआधी मंडळीत बरीच गीतं इंग्रजी चालींवर म्हटली जायची. टिळकांनी ओवी आणली, अभंग आणला, तेव्हाही कुणाच्या तरी कपाळाला आठी पडलीच असेल. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं भाषांतर केलं, ते साध्या बाईमाणसाला कळावं म्हणून. बदल केलेल्यांनीच आपल्यापर्यंत तो न बदलणारा पोचवला. स्वतः येशूसुद्धा लूक २:५२ प्रमाणे ज्ञानानं आणि शरीरानं वाढत गेला. तेव्हा ‘सारखा’ म्हणजे गोठलेला नव्हे.

यावर वाद रंगायला लागला तर इब्री १३ ची सातवी ओवी वाचा, वाद तिथेच थांबतो. ज्यांनी तुम्हांला देवाचं वचन सांगितलं त्यांची आठवण करा, त्यांच्या वर्तणुकीचा शेवट पाहा. आठवं वचन या सातव्याच्या पाठीला चिकटून आहे. सांगणारे गेले, ज्याच्याविषयी सांगितलं तो आहे. इथे प्रत्येकानं एक माणूस आणि त्याची एक सवय सांगायची. मी माझ्या आजीचं सांगते. ती बायबलबाई होती, खेड्यापाड्यांत पायी जायची. कुणाच्या घरी गेली की आधी चुलीपाशी बसून भाकरी थापू लागायची, शुभवर्तमान नंतर. ‘‘रिकाम्या हाताच्या बाईचं कोण ऐकतं?’’ म्हणायची. ही फेरी लांबते, लांबू द्या. फोनवरच्या मुलालाही विचारा, नाहीतर तो तिकडे व्हिडिओवर नुसती आमची कपाळं बघत बसतो.

सगळ्यात शेवटी वचन, एकदाच, सगळ्यांनी मिळून, पुस्तक न बघता. त्यावर भाष्य नाही. शेवटची प्रार्थना छोटी, आणि तीत ‘सगळं पूर्वीसारखं कर’ असं मागू नका, तसं होत नसतं. सुरुवातीला ज्यानं जे वाक्य सांगितलं ते नाव घेऊन तेवढंच प्रभूपुढे ठेवा. म्हणून मी ती वाक्यं पाकिटाच्या पाठीवर टिपून ठेवते.

एकूण तास-सव्वा तास जातो. चहा शेवटच्या आमेननंतरच टाका. शेगडीत विस्तव उरलेला असतोच, तो वाया घालवू नका. गेल्या वर्षी त्याच बाईंच्या अंगणात होतो आम्ही. त्यांनी घरातून सुके बोंबील आणले, निखाऱ्यांवर टाकले, दुरडीतून भाकऱ्या काढल्या. वास गल्लीभर गेला. मी घाईनं चपला शोधत होते, तर चिमट्यानं बोंबील उलटत त्या म्हणाल्या, ‘‘बाई, बसा आता. खाऊन जा.’’