डोळे आलेत की आत पू झालाय?

सोलापुरात पारा ४० च्या पुढे गेला की अशक्तपणावर ग्लुकोजची बाटली लावून घ्यायची सवयच पडून गेलीय. ती सलाईन किंवा हातातली सुई अस्वच्छ असेल, तर कँडिडासारखी बुरशी रक्तात शिरते आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, डोळ्याच्या आत जाऊन बसते; आत पू होतो तो यातूनच. मधुमेह असलेल्यांत वाट वेगळी असते: यकृतातल्या गळवातले क्लेब्सिएला जंतू, लघवीचा संसर्ग, पायाची चिघळलेली जखम, डायलिसिसची नळी. डोळ्याला काहीही न लागता डोळा जातो तो असा.

घरी एवढं करा. एकेक डोळा तळहाताने झाका (दाबू नका) आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचा. साथीत आलेल्या डोळ्यांना चिपडं धरतात, पण ती पुसली की आकडे नीट दिसतात. आत पू होत असेल तर पुसूनही धूसरच, जाळ्या तरंगतात, आत ठणकतं, उजेड सोसत नाही. मग बॅटरी बाजूने धरून बघा: बुबुळाच्या तळाशी नखावरच्या चंद्रकोरीएवढा पांढरा थर दिसला, तर तो पू. थर नाही म्हणून निर्धास्त मात्र राहू नका, बुरशीत सुरुवातीला तो बहुधा नसतोच.

नजर कमी झाली असेल तर त्याच दिवशी डोळ्याच्या पडद्याचे (रेटिनाचे) डॉक्टर गाठा. ताप, हुडहुडी असेल तर थेट कॅज्युअल्टीत, जिथे फिजिशियनही आहे; जंतू रक्तात असतील तर जिवालाच धोका असतो. गेल्या दोन महिन्यांतलं सलाईन, ताप, ऑपरेशन, शुगर हे न विचारता सांगा. बहुतेक गोंधळ इथेच होतो: ‘आतली सूज’ समजून नुसते स्टेरॉइडचे थेंब सुरू होतात, लाली दोन दिवस उतरते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं.

रक्त कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी द्या, नाहीतर जंतू अनेकदा उगवत नाही. सोबत लघवीचं कल्चर, पोटाची सोनोग्राफी, गरजेप्रमाणे हृदयाचा इको. डोळ्याच्या आतला द्रव तपासायला काढून त्याच बैठकीत डोळ्यात इंजेक्शन देतात: व्हॅन्कोमायसिन १ मिग्रॅ आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिग्रॅ, प्रत्येकी ०.१ मिली, बुरशीचा संशय असेल तर व्होरिकोनाझोल किंवा अँफोटेरिसिन. थेंब तिथवर पोचत नाहीत, म्हणून सुई. उतार पडला नाही तर विट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा भाग काढायचं ऑपरेशन.

बुरशीवरच्या गोळ्या साधारण ४ ते ६ आठवडे चालतात. डोळ्याची लाली गेली की लोक त्या सोडतात, आणि आतली बुरशी पुन्हा वाढते.