५ वॅटवर कोणी ऐकत नाही? मोठा सेट घ्यायच्या आधी या चुका टाळा

क्यूआरपी, म्हणजे ५ वॅटसारख्या कमी पॉवरवर हॅम रेडिओ चालवणं, सुरू केलेला माणूस पंधरा दिवसांत एकच रड घेऊन येतो, ५ वॅटमध्ये काय होत नाही हो, मोठा सेट घ्यावा लागणार. मीपण हेच म्हणायचो. पण हिशोब करून बघा, १०० वॅटवरून ५ वॅटवर आलं की सिग्नल १३ डेसिबलने पडतो, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर साधारण दोन एस-युनिट (सिग्नलची ताकद मोजायच्या पायऱ्या), एस-९ चा एस-७ होतो. एवढ्याने कोणी बहिरं होत नाही. गडबड दुसरीकडेच असते आणि बहुतेक वेळा आपल्याच गच्चीवर असते.

लायसन्सचं आधीच सांगून टाकतो. वॅट कितीही कमी असोत, लायसन्सशिवाय ट्रान्समिट करायचं नाही. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे हॅम लायसन्सच्या सुरुवातीच्या पायरीला, मोर्स कोडची परीक्षा नसते, त्यामुळे बहाणा चालणार नाही. कागद येईपर्यंत इंटरनेटवर वेबएसडीआर (ब्राउझरमधून ऐकायचा दुसऱ्याचा रिसीव्हर) लावून ऐकत बसा, कान तयार होतात.

आता माझी सगळ्यात मोठी चूक, नॉईज. जुळे सोलापुरात आमचं घर, ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) कधीही बसा, एस-७ ची घरघर ठरलेली. मला वाटायचं बँडच असा असतो, मग मी काय करायचो तर व्हॉल्यूम वाढवायचो आणि डोकं धरून उठायचो. एकदा मे महिन्यात संध्याकाळी लाईट गेली, सेट बॅटरीवर होता त्यामुळे चालू राहिला, आणि कानातला आवाज पिठाची गिरणी बंद पडावी तसा एकदम थांबला. मागं दोन सीडब्ल्यू (मोर्स कोड) स्टेशनं निवांत बोलत होती, त्यातलं एक हैदराबादचं. म्हणजे ती रोज तिथंच असणार आणि मी आपला ५ वॅटला शिव्या घालत बसलेलो. अर्ध्या तासाने लाईट आली, गिरणी परत सुरू.

तेव्हापासून पहिली टेस्ट हीच सांगतो. सेट बॅटरीवर घ्या, घरचा मेन स्विच बंद करा आणि मीटर बघा. नॉईज पडला तर चोर घरातच आहे, मग सगळे एमसीबी खाली करून मेन चालू करा, एकेक एमसीबी वर करत जा आणि कुठल्या बटणाला सुई उडते ते पकडा. आमच्याकडे जिन्यातला एलईडी बल्ब आणि राउटरचा ॲडॉप्टर निघाला. मेन बंद करूनही घरघर तशीच राहिली तर मात्र शेजारी जावं लागतं. मी गेलो, म्हणलं काका, पाच मिनिटं तुमचा इन्व्हर्टर बंद करता का. काका म्हणाले, "काय करायलास रे वरती तू, शॉक बसायलाय का?" बंद केला बिचाऱ्यांनी, फरक शून्य, उगाच चहा मात्र झाला. काहीच हाती लागलं नाही तर बॅटरी आणि वायर पिशवीत टाकून हिप्परग्याच्या तलावाकडे जा, घरी न ऐकलेली स्टेशनं तिथं ऐकू येतील.

दुसरी चूक डायपोल (मधून केबल जोडलेली दोन बाजूंची वायरची अँटेना) पुस्तकातल्या मापाने कापून मोकळं होणं. १४३ भागिले मेगाहर्ट्झ, ७.०३० साठी एकूण २०.३ मीटर, म्हणजे एक बाजू १०.१५, इथपर्यंत ठीक. पण आपण लावतो घरवायरिंगची इन्सुलेशनवाली वायर, ती थोडी कमी लांबीवरच रेझोनेट होते, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला जुळते, शिवाय खाली पत्रा आणि बाजूला पाण्याची टाकी, म्हणून माप गच्चीप्रमाणे बदलतं. आधी लांबच ठेवा, वर चढवून मोजा, मग कापा. माझा डिप, म्हणजे अँटेना जुळते ती फ्रिक्वेन्सी, आला ६.८५ मेगाहर्ट्झवर, मग दोन्ही बाजूंनी साधारण २५-२५ सेंटीमीटर कमी केली, तेही एकदम नाही, थोडं थोडं, कारण कापलेली वायर परत जोडताना कपाळावर हात मारावा लागतो. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते याचं माप) १.१ करण्यासाठी दिवस घालवू नका, २ असला तरी फक्त ११ टक्के पॉवर परत फिरते. पण कोएक्सला, म्हणजे सेटपासून अँटेनापर्यंतच्या केबलला, हात लावल्यावर एसडब्ल्यूआर हलत असेल तर केबलची बाहेरची बाजूच अँटेना झालेली असते, फीड पॉइंटजवळ (केबल अँटेनाला जोडते तिथं) फेराइटच्या कड्यावर केबलचे दहा-बारा वेढे मारून चोक टाका, घरातला नॉईजही त्याच वाटेने वर चढत असतो. आणि हो, वायर ताणताना महावितरणच्या तारांपासून लांब राहा, यात चेष्टा नको.

बॅटरीचं लोक विसरतात. १३.८ व्होल्टवर ५ वॅट देणारा सेट ११ व्होल्टवर तीन-सव्वातीनच देतो, आणि बारीक वायर वापरली की ट्रान्समिट दाबल्यावर व्होल्टेज अजून खाली बसतं, म्हणून मल्टीमीटर ट्रान्समिटची की दाबलेली असताना लावा, नुसतं रिसीव्हवर बघून काय कळणार.

हाताने सेट बांधणाऱ्यांसाठी, म्हणजे हैदराबादच्या अशर फरहान यांचा बिटएक्स हा घरी बांधायचा सेट वगैरे, एक धोका कायम. पॉवर देणाऱ्या आयआरएफ ५१० ट्रान्झिस्टरचा मागचा पत्रा त्याच्या ड्रेन या पायाला जोडलेला असतो, अभ्रकाचा तुकडा न घालता बॉडीला कसलात की सप्लाय सरळ शॉर्ट. बायस (ट्रान्झिस्टर चालू ठेवणारं व्होल्टेज) पण हळूहळू वाढवा, अँपिअरकडे बघत. आणि टेस्ट अँटेनावर करू नका, १ किलोओहमचे अर्ध्या वॅटचे २० कार्बन रेझिस्टर पॅरलल लावले की ५० ओहम, १० वॅटचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर झेलणारा) तयार. त्यावर डायोड आणि कपॅसिटर लावून मल्टीमीटरला २१-२२ व्होल्ट डीसी दिसले तर ५ वॅट निघतायत.

ऑपरेटिंगमध्ये एकच सवय मोडा, सीक्यू सीक्यू (कोणी आहे का) ओरडत बसण्याची. मोठं स्टेशन बोलवत असेल तर त्याला उत्तर द्या, पाइलअप, म्हणजे त्याला एकाच वेळी बोलावणाऱ्यांची गर्दी, पातळ होईपर्यंत थांबा. दुपारी ४० वर पुणे-हैदराबाद जमतं, लांबचं पाहिजे तर दिवसा २०, १५, १० मीटरवर जा.

आणि वळवाचं आभाळ भरून आलं की कॉन्टॅक्ट अर्धवट सोडा, कोएक्स सेटमधून काढा आणि खिडकीच्या बाहेर टाका. समोरचा समजून घेतो, त्यालाही कडकडाट ऐकू येतच असतो.