सुपरमोटोसाठी ट्रॅकवर जाण्याआधी

सांगलीकरांना कोल्हापूरचा कार्टिंग ट्रॅक जवळचा, म्हणून इकडची पोरं सुपरमोटोसाठी, म्हणजे ऑफ-रोड गाडीला रस्त्याची छोटी चाकं लावून ट्रॅकवर पळवायला, हिरोच्या एक्सपल्सला १७ इंची चाकं बसवून थेट तिकडं निघतात. मूळ चाकं पुढं २१, मागं १८ इंची. बदलली की गाडी खाली बसते आणि साइड स्टँड लांब पडतो. तो कापून घ्या, नाहीतर उभी गाडी कलंडेल.

आरसे काढा, हेडलाइटच्या काचेवर टेप मारा, इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट तारेनं बांधा. लिक्विड कूल्ड गाडी असेल तर कूलंटऐवजी डिस्टिल्ड वॉटर भरा. सांडलेलं कूलंट निसरडं असतं, मागून येणारा पडतो.

ब्रेकच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. सतत दाबून ब्रेक ऑइल उकळलं की लिव्हर ग्रिपपर्यंत येतो. ताजं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरा, त्यातली हवा काढा, मग लिव्हर दाबून धरा. मऊ लागला, हळूहळू आत जात राहिला, तर गाडी टेम्पोत चढवूच नका.

लेदर सूट, फुलफेस हेल्मेट, बॅक प्रोटेक्टर हवेतच. वळणात पाय पुढं टाकायचा असतो, म्हणून बूट घोट्याला आवळणारा आणि टणक तळव्याचा घ्या.

शरीरासाठी आपल्या तालमीतल्या जोर-बैठका पुरेत. मांड्या दमल्या की माणूस हँडलला लटकतो, आणि मग मनगटं भरून येतात. गाडी गुडघ्यांनी धरा. दोन सेशनमध्ये पाणी प्या, टायरची हवा पुन्हा मोजा. गरम झाल्यावर प्रेशर वाढलेलं असतं.